पिस्तुलाची माशी आणि नेमबाजाचा डोळा

पिस्तूल हें लहान हत्यार. तेव्हां त्यानें नेम धरणें सोपें असावें, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. हत्यार जितकें आंखूड, तितकी हाताची चूक लक्ष्यावर मोठी होऊन उमटते.

नळीच्या पुढच्या टोंकाशीं एक उभा खुंट असतो. त्यास आपल्याकडे माशी म्हणतात. मागें चौकोनी खाचेची पट्टी असते. खाचेच्या मधोमध माशी, तिच्या दोहों बाजूंस सारखा उजेड आणि दोहोंचे माथे एका रेषेंत, असें जुळलें म्हणजे नेम जुळला. आतां माशी व खाच यांत 110 मिलिमीटर अंतर आहे असें धरूं. माशी अवघी 1 मिलिमीटर बाजूस सरली, तर 25 मीटरवर गोळी सुमारें 227 मिलिमीटर दूर जाते. अंतर दुप्पट, म्हणजे 220 मिलिमीटर केलें, तर तीच चूक निम्मी होते. आंतरराष्ट्रीय 25 मीटर स्पर्धेंत याहून अधिक अंतर चालत नाहीं. तेथील संथ फेरीच्या लक्ष्यावर दहा गुणांचें वर्तुळ 50 मिलिमीटर व्यासाचें असतें. म्हणजे माशीस पाव मिलिमीटरहि सरकण्यास जागा नाहीं.

मग लहान पिस्तुलांत सुधारणा ती कोणती करावयाची? नळी लांबवितां येत नाहीं. पण डोळ्याचें काम सुकर करतां येतें. डोळा एका वेळीं एकाच अंतरावरची वस्तु स्पष्ट पाहूं शकतो. नवशिका लक्ष्याकडे पाहतो, आणि माशी पुसट होते. जाणता नेमबाज लक्ष्य पुसट होऊं देतो, पण माशीची कड रेखीव ठेवतो. चाळिशी लागलेल्यांस हेंच जड जातें. त्यांनीं हातभर अंतरावरची माशी स्पष्ट दिसेल अशी कांच चष्म्यांत बसवून घ्यावी. स्पर्धेंत अशी कांच चष्म्यास चालते, पिस्तुलावर मात्र चालत नाहीं.

दुसरा प्रश्न उजेडाचा. सोलापूरच्या उन्हांत चकचकीत माशीची एक कड झळकते, डोळा फसतो आणि हात नकळत सरतो. म्हणून माशी काळी व निस्तेज असावी. कार्बाइडच्या दिव्याची काजळी धरण्याचा नेमबाजांचा प्रघात जुना आहे. खाचहि बेताची हवी: फार अरुंद असेल तर उजेडाच्या फटी दिसत नाहींत, फार रुंद असेल तर मध्य सांपडत नाहीं.

तिसरी गोष्ट मागच्या पट्टीच्या स्क्रूची. गोळ्या डावीकडे लागत असल्यास पट्टी उजवीकडे सरकवावी. गोळी पट्टीच्या मागोमाग जाते. मात्र एका गोळीवरून स्क्रूला हात लावूं नये. पांच गोळ्यांचा पुंजका एकाच जागीं पडूं लागला, तरच दोष पट्टीचा. विखुरला, तर हाताचा. माशी वा पट्टी बदलणें हें काम परवानाधारक शस्त्रकाराचें. 1959 च्या शस्त्र कायद्यान्वयें बंदुक-पिस्तुलांच्या दुरुस्तीसहि परवाना लागतो.

एवढ्या साध्या साधनावर किती मजल मारतां येते, याचें उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं 2018 सालीं पालेंबांग येथें आशियाई क्रीडास्पर्धेंत 25 मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक जिंकलें. तें मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला नेमबाज. अंतिम फेरींत थायलंडच्या प्रतिस्पर्धिनीशीं 34–34 अशी बरोबरी झाली, आणि निर्णय जादा फेऱ्यांवर गेला. या प्रकारांत दुर्बीण निषिद्ध. आधार केवळ माशी आणि खाच यांचा.

फार्शींतून आलेल्या ‘शिस्त’ या शब्दाचा आपल्या जुन्या भाषेंत एक अर्थ नेम असाहि होता. माशी घासूनपुसून, काळी करून, जागेवर बसवून देतां येते. ती क्षणभर स्पष्ट पाहत, लक्ष्याचा मोह आवरून, घोडा हलकेंच दाबणें ही शिस्त मात्र ज्याची त्यानेंच कमवावी लागते.