मिठाला लागते तहान!

पावसाळ्यात स्वयंपाकघरातली मिठाची बरणी उघडून पाहा बरं! मीठ ओलसर, चिकट झालेलं दिसेल. त्यात पाणी कुणी ओतलं? कुणीच नाही! हवेतली वाफ मिठानंच ओढून घेतली. मिठाची हीच सवय शास्त्रज्ञांनी थेट ढगात नेऊन वापरली आहे.

सोलापूर, बारामतीकडच्या मुलांना ठाऊकच असेल: आभाळ भरून येतं आणि न बरसताच ढग निघून जातात. समुद्रावरून आलेले वारे सह्याद्री चढताना कोकणात आणि घाटमाथ्यावर धो धो बरसतात. पलीकडे डोंगराआड, म्हणजे पर्जन्यछायेत, पाऊस कमीच. पण ढगात पाणी असूनही ते पडत का नाही?

कारण ढगातले थेंब फारच चिमुकले असतात. पावसाचा एक थेंब व्हायला तसे साधारण १० लाख थेंब एकत्र यावे लागतात! सगळेच बारीक असले, तर ते सहसा एकमेकांवर आदळत नाहीत, नुसते तरंगत राहतात. मिठाचा कण मात्र वाफ ओढून चटकन थोराड थेंब होतो आणि खाली येताना वाटेतल्या बारक्या थेंबांना गिळत सुटतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं १९७३ ते १९८६ या काळात बारामती भागात ११ पावसाळे ढगात मीठ सोडण्याचा प्रयोग केला. विमानातून मिठाची पूड सोडायची; तिच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्यात शंखजिऱ्याची पूड मिसळायची!

पुढे याच संस्थेनं सोलापुरात प्रयोग केले. या वेळी विमानाच्या पंखांना नळकांड्या लावल्या होत्या. त्या ढगाखाली पेटवल्या, की कॅल्शियम क्लोराइड या मिठासारख्याच क्षाराचे सूक्ष्म कण धुरासोबत बाहेर पडत आणि वर चढणारा वारा त्यांना ढगात ओढून नेई.

गंमत म्हणजे, निवडलेल्या २७६ ढगांपैकी काहींना मुद्दाम हातच लावला नाही! का बरं? मीठ घातल्यावर पाऊस पडला, तरी तो मिठामुळेच पडला हे कशावरून? एरवीही पडला असता की! म्हणून दोन्ही गटांची तुलना केली. मीठ घातलेल्या ढगांतून सरासरी १८ टक्के पाऊस जास्त पडला.

मिठानं नवा ढग मात्र तयार होत नाही. उन्हाळ्यातल्या कोरड्या, निरभ्र आभाळात कितीही मीठ उधळा, थेंबही पडायचा नाही. पाण्यानं भरलेला, वाढता ढग आधी असावाच लागतो. तेव्हा पुढच्या पावसाळ्यात ढग नीट न्याहाळा. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुगत वर वर चढणारा एखादा दिसला, तर ओळखा: विमान शोधत असतं तो असाच ढग!