पासवर्ड बरोबर, तरी पडदा तिथेच

अपडेट झाले, संगणक पुन्हा सुरू केला, पासवर्ड टाकला. पडदा क्षणभर काळा झाला आणि परत तीच पासवर्डची चौकट. पासवर्ड चुकला असता तर तसा संदेश आला असता. इथे तक्रार कसलीच नाही. लिनक्स वापरणारे बरेच जण या टप्प्यावर घाबरून सगळे नव्याने इन्स्टॉल करायला घेतात. कृपा करून ते करू नका. तुमच्या फायली बहुधा जागच्या जागी आहेत.

पासवर्ड विचारणारा प्रोग्रॅम वेगळा असतो. त्याला डिस्प्ले मॅनेजर म्हणतात. उबंटूत ते काम जीडीएम करतो. पासवर्ड जुळला की तो तुमच्या नावाने 'सेशन' सुरू करतो. मग खिडक्या रंगवणारा, कीबोर्डकडे लक्ष ठेवणारा, तुमची सेटिंग्ज वाचणारा असे अनेक प्रोग्रॅम उठतात. त्यांतला मुख्य उठताउठताच कोसळला की सेशन संपते. सेशन संपले म्हणजे तुम्ही लॉगआउट केले, एवढेच डिस्प्ले मॅनेजरला कळते, आणि तो पुन्हा पासवर्ड मागतो. तेव्हा प्रश्न इतकाच उरतो, की नेमके कोसळले कोण?

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 एकत्र दाबा. काळ्या पडद्यावर नुसते अक्षरी लॉगिन येईल. तिथे आत जाता आले तर खाते आणि पासवर्ड शाबूत आहेत. आता डिस्कवर जागा किती उरली ते बघा. हे कारण क्षुल्लक वाटते, म्हणून सुटून जाते. अपडेटची उतरवलेली पॅकेजेस आणि जुने कर्नल साचून डिस्क काठोकाठ भरली, तर लॉगिनच्या वेळी लागणाऱ्या छोट्या फायलीही लिहिता येत नाहीत.

जागा असेल तर याच काळ्या पडद्यावरून एक नवे खाते उघडा आणि ग्राफिक लॉगिनवर त्यातून आत जाऊन पाहा. माझ्या मते सगळ्या तपासण्यांत ही सर्वांत मोलाची, कारण ती दोष दोन भागांत वाटून देते.

नवे खाते चालले, तर बिघाड तुमच्याच सेटिंग्जमध्ये आहे. उबंटूच्या नोम या डेस्कटॉपमध्ये पहिला संशय एक्स्टेन्शनवर, म्हणजे त्याला जोडलेल्या छोट्या पूरक प्रोग्रॅमवर घ्यावा. सप्टेंबर 2023 मध्ये आलेल्या नोम 45 ने एक्स्टेन्शन लिहिण्याची पद्धतच बदलली, त्यामुळे जुनी एक्स्टेन्शन दुरुस्त केल्याशिवाय चालेनात. संशयित फोल्डर पुसू नका, नाव बदलून बाजूला ठेवा. अंदाज चुकला तर नाव पूर्ववत करता येते.

नवे खातेही अडकले, तर दोष यंत्रणेत, बऱ्याचदा ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचा एक भाग कर्नलमध्ये बसतो, दुसरा बाहेर लायब्ररी म्हणून, आणि दोन्हींची आवृत्ती एकच लागते. अपडेटने एकच बदलला तर जोडी तुटते. अशा वेळी संगणक सुरू होताना ग्रबच्या यादीतून आधीचा कर्नल निवडा. उबंटू तो सहसा ठेवून देते, आणि बहुतेकदा तेवढ्यानेही त्या दिवसाचे काम निभावते.

दुसऱ्या तऱ्हेचा बिघाड जास्त त्रास देतो: आत जाता येते, पण रोजची रीत मोडलेली असते. ऑक्टोबर 2025 च्या उबंटू 25.10 मध्ये पडदा आणि कीबोर्ड सांभाळणाऱ्या दोन व्यवस्थांपैकी नोमचे जुने झॉर्ग सेशन निघाले आणि फक्त नवे वेलँड उरले. वेलँड एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या कळा ऐकू किंवा परस्पर दाबू देत नाही. सुरक्षेसाठी हे योग्यच आहे, पण एक्सडूटूलने कामे आपोआप करवून घेणाऱ्यांची किंवा एक्समॉडमॅपने मराठी अक्षरे हव्या त्या कळांवर बसवलेल्यांची घडी या बदलाने विस्कटते. कळांची मांडणी बदललेल्यांनी ती वेलँडवरही चालणाऱ्या एक्सकेबीत किंवा आयबसमध्ये नव्याने बसवावी, तोवर 24.04 वर थांबणे गैर नाही. तिथे झॉर्ग सेशन आहे आणि नेहमीचा आधार 2029 पर्यंत मिळतो. वर्षानुवर्षे हाताला बसलेली सवय मोडणार असेल, तर ते माणसाला अपडेटचे बटण दाबण्याआधी ठळकपणे सांगायला हवे, असे मला मनापासून वाटते.

कार्यालयात वीस संगणक असतील तर अपडेट आधी एकावर चढवा आणि त्यावर आठवडाभर खरे काम करा: छपाई, मराठी टायपिंग, व्हिडिओ बैठकीत पडदा दाखवणे. उरलेल्या एकोणिसांवर अपडेटपूर्वी टाइमशिफ्टने स्नॅपशॉट घ्या. टाइमशिफ्ट यंत्रणा मागे नेते, घरच्या फोल्डरातल्या फायली सहसा वगळते. त्यांची प्रत वेगळी काढावी लागते.