जुगाडाचे बफिंग : चाकू चमकवताना होणारे घोळ

घरी चाकू बनवणाऱ्याकडे ऐरण आणि कानस असते, बफिंग मशीन बहुधा नसते. मग नजर जाते ती पंपाच्या जुन्या मोटरीवर, ड्रिल मशीनवर, नाहीतर अडगळीतल्या मिक्सरवर. अशा जोडकामात कमीपणा काहीच नाही. अमेरिकेतील ओरेगॉनचे चाकू-कारागीर वेन गॉडर्ड यांनी ५० डॉलरांत कार्यशाळा कशी उभारावी, यावर पुस्तकच लिहिले. घोळ होतो तो काही ठाम समजुतींमुळे.

गैरसमज : मोटर जितकी जोरात, तितकी चमक जास्त.

वस्तुस्थिती : महत्त्वाचा असतो बफच्या, म्हणजे चमक देणाऱ्या कापडी चाकाच्या, कडेचा वेग आणि तो व्यासावरही ठरतो. मिनिटाला २,८५० फेरे घेणाऱ्या मोटरीवर १५० मिमीच्या चाकाची कड सेकंदाला सुमारे २२ मीटर धावते. १,४४० फेऱ्यांच्या मोटरीवर जेमतेम ११. चाकूसाठी नवख्याला ही संथ मोटरच बरी. मिक्सरची मोटर रिकामी फिरताना १८,००० फेऱ्यांच्या आसपास जाते. हेच चाक त्या गतीने फिरले, तर कडेचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या पुढे जाईल. शिवाय ती मोटर सलग चालण्यासाठी बनवलेलीच नसते.

गैरसमज : ओरखडे बफवर निघून जातात.

वस्तुस्थिती : ते निघतात पॉलिश पेपरवर. १२०, २२०, ४००, ६०० असे चढत जायचे आणि दर नंबरला घासण्याची दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या पेपरचा उरलेला ओरखडा आडवा दिसतो. खोल ओरखडा बफवर दाबत बसले, तर पात्याच्या कडा गोलावतात, रिव्हेटच्या भोकांची तोंडे ओघळल्यासारखी लांबतात आणि ओरखडा उलट चकाकू लागतो.

गैरसमज : कापडाचे चाक मऊ, त्याची कसली भीती?

वस्तुस्थिती : चाकूच्या कार्यशाळेत अनुभवी कारागीर सर्वांत जास्त जपून असतात ते बफपाशी. फिरणारे कापड ताठ होते, पात्याचे टोक पकडते आणि डोळा लवायच्या आत चाकू भिरकावते. म्हणून समोरची बाजू खाली येईल असेच चाक फिरवायचे, पाते मध्यरेषेच्या खाली धरायचे आणि कापड पाठीकडून धारेकडे जाऊ द्यायचे. धारेवर चालून येऊ द्यायचे नाही. चष्मा आणि मास्क हवेच. कापडी हातमोजे मात्र नकोत, ते चाकात ओढले जातात. पक्की धार लावायची ती पॉलिशनंतर.

गैरसमज : पाणी दिलेल्या पोलादाला बफच्या उष्णतेने काही होत नाही.

वस्तुस्थिती : साध्या कार्बन पोलादाचे पाते पाणी दिल्यावर साधारण २०० अंश सेल्सियसला पुन्हा तापवलेले असते. पातळ धार त्याहून तापली की कठीणपणा घटू लागतो. ३०० अंशांच्या सुमारास ती निळी दिसते. हाताला चटका बसण्याआधीच पाते पाण्याच्या बादलीत बुडवायचे.

ड्रिल मशीनही चालते, शिकंज्यात घट्ट आवळून आणि हलक्या दाबाने. तिचे बेअरिंग बाजूने येणाऱ्या जोरासाठी नसते. चाक थोडे लंगडत फिरू लागले, तरी मशीन तिथेच बंद करायची.