आरशातील पोट आणि आतील मेद

घरात लग्नकार्य जवळ आले, की पोटावरची चरबी शस्त्रक्रियेने काढून मिळेल का, अशी विचारणा करणारे स्त्री-पुरुष आमच्याकडे येतात. त्यांच्या इच्छेला आम्ही हसत नाही. आप्तांच्या शेऱ्यांनी दुखावलेले मन हेही दुखणेच होय. मात्र चरबी गेली, की हृदयाचा धोकाही टळेल, हा गैरसमज दूर करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

मेद मुख्यतः दोन ठिकाणी साठतो. एक त्वचेखाली, तो चिमटीत धरता येतो. दुसरा पोटाच्या पोकळीत, आतड्यांभोवती. हा आतील मेद वाढला, की इन्सुलिनच्या कार्यात अडथळा येतो व मधुमेह, उच्च रक्तदाब आणि हृदयविकार यांची शक्यता वाढते. लायपोसक्शनमध्ये नळीने शोषला जातो तो केवळ त्वचेखालचा मेद. अमेरिकेतील सेंट लुईस येथे डॉ. सॅम्युअल क्लाइन व सहकाऱ्यांनी १५ स्थूल स्त्रियांचा या उपचारापूर्वी व नंतर अभ्यास केला. सरासरी ९ ते १०.५ किलो मेद काढूनही दहा-बारा आठवड्यांनंतर त्यांचा रक्तदाब, कोलेस्टेरॉल वा इन्सुलिनचा परिणाम सुधारला नव्हता, असे २००४ साली प्रसिद्ध झाले.

सडपातळ दिसणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. त्याच वर्षी पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, म्हणजे बीएमआय २२.३, परंतु शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचा २१.२ टक्के! भारतीय शरीराची ही ठेवण आरशात दिसत नाही.

म्हणून सौंदर्योपचाराचा निर्णय घेण्यापूर्वी रक्तदाब, रक्तातील साखर व कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे आणि कंबरेचा घेर मोजावा. पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढील घेर ही धोक्याची सूचना होय. आतील मेद नियमित चालण्याने व मिताहाराने कमी होतो. वजन थोडेच उतरले तरी लाभ होतो. स्वतःच्या रूपाविषयीची खंत मनातून जातच नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेण्यात संकोच नसावा.

रुग्णांच्या कुटुंबीयांना आमची एकच विनंती आहे. घरातील माणसाला ‘जाड’ म्हणून हिणवू नका. संध्याकाळी त्याच्यासोबत फिरायला निघा.