घरातील मांजरपिल्लांचे आरोग्य

घराबाहेर न सोडता पूर्णपणे घरातच वाढवल्या जाणाऱ्या पाळीव मांजराच्या (शास्त्रीय नाव: फेलिस कॅटस) पिल्लांचे लसीकरण, आहार, परजीवींचे नियंत्रण, निर्बीजीकरण आणि अपघातांपासून संरक्षण यांचा विचार 'घरातील मांजरपिल्लांचे आरोग्य' या विषयात होतो. जन्मापासून सुमारे एक वर्षापर्यंतचा काळ यात प्रामुख्याने गृहीत धरला जातो. घरातच राहणाऱ्या मांजराला वाहनांचा, भटक्या कुत्र्यांचा आणि इतर बोक्यांशी होणाऱ्या मारामाऱ्यांचा धोका फारसा नसतो. त्यामुळे त्याला लसीची गरज नाही, असा समज रूढ आहे. हा समज चुकीचा असून पिल्लांच्या टाळता येण्याजोग्या अनेक मृत्यूंच्या मुळाशी तोच असतो.

पॅनल्युकोपेनिया

मांजरांच्या पार्व्होविषाणूमुळे होणारा पॅनल्युकोपेनिया हा पिल्लांचा सर्वांत घातक आजार समजला जातो. हा विषाणू आतड्याचे अस्तर आणि अस्थिमज्जा यांतील झपाट्याने विभाजित होणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. परिणामी रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या कोसळते. आजाराचे नावही त्यावरूनच पडले आहे. ताप, उलट्या, अन्नावरची वासना जाणे, जुलाब आणि वेगाने होणारे निर्जलीकरण ही त्याची लक्षणे होत. आजारी पिल्लू पुष्कळदा पाण्याच्या भांड्याजवळ मान खाली घालून बसते, पण पाणी पीत नाही. काही पिल्ले लक्षणे नीट दिसण्यापूर्वीच दगावतात. गाभण मांजरीला संसर्ग झाल्यास पिल्लांच्या लहान मेंदूची वाढ खुंटते व ती आयुष्यभर डगमगत चालतात. माणसाला हा आजार होत नाही.

घरातील पिल्लाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब म्हणजे या विषाणूचा चिवटपणा. शरीराबाहेर, अनुकूल परिस्थितीत, तो वर्षभरही टिकू शकतो. चपला-बूट, कपडे, पिशव्या आणि माणसाचे हात यांवरून तो घरात येतो; त्यासाठी दुसरे मांजर घरात यावे लागत नाही. बाजारातील अनेक सुगंधी जंतुनाशकांनी तो खात्रीने मरत नाही. सोडियम हायपोक्लोराइटचे घरगुती द्रावण (ब्लीच) एक भागास बत्तीस भाग पाणी या प्रमाणात मिसळून, आधी स्वच्छ धुतलेल्या पृष्ठभागावर सुमारे दहा मिनिटे राहू दिल्यास तो नष्ट होतो. त्यानंतर जागा पाण्याने धुऊन कोरडी करावी लागते. ज्या घरात या आजाराने पिल्लू दगावले आहे, तेथे लसीकरण पूर्ण न झालेले नवे पिल्लू आणणे धोक्याचे असते.

लसीकरण

पॅनल्युकोपेनिया, मांजरांचा हर्पिसविषाणू आणि कॅलिसीविषाणू या तिन्हींविरुद्धची एकत्रित लस सर्व मांजरांसाठी आवश्यक मानली जाते. पूर्णवेळ घरात राहणारी मांजरे याला अपवाद नाहीत. शेवटचे दोन विषाणू शिंका, डोळ्यांतून पाणी येणे आणि तोंडातील व्रण यांना कारणीभूत होतात. पहिली मात्रा वयाच्या ६ ते ८ आठवड्यांच्या सुमारास देतात. पुढील मात्रा २ ते ४ आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू किमान १६ आठवड्यांचे होईपर्यंत दिल्या जातात.

एकच लस पुन्हापुन्हा का द्यायची, असा प्रश्न पालकांना पडतो. याचे कारण आईच्या पहिल्या दुधात आहे. त्यातून मिळणारी प्रतिपिंडे पिल्लाचे रक्षण करतात, परंतु तीच लसही निष्प्रभ करतात. ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लागणिक वेगळे असते. एकाच वेतातील दोन पिल्लांतही फरक पडतो. मधल्या काही दिवसांत प्रतिपिंडे रोग रोखण्याइतकी उरलेली नसतात, मात्र लस निष्फळ करण्याइतकी असतात. ही फट नेमकी कोणत्या आठवड्यात पडेल हे बाहेरून कळत नसल्याने मात्रांची मालिका पूर्ण करणे हाच व्यवहार्य उपाय ठरतो. दोन मात्रांनंतर 'झाले' असे समजून थांबलेले पिल्लू असुरक्षित राहू शकते. सहा महिने ते एक वर्ष या वयात आणखी एक मात्रा दिली जाते.

रेबीजची लस १२ आठवड्यांच्या वयानंतर देतात व एक वर्षाने तिची पुनरावृत्ती करतात. भारतात रेबीज आढळत असल्याने आणि लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरत असल्याने, मांजर घरातच असते या कारणास्तव ही लस टाळू नये.

जंत आणि पिसवा

गोलकृमींच्या अळ्या आईच्या दुधातून पिल्लाच्या शरीरात जातात. म्हणजेच उंबरठा कधीही न ओलांडलेल्या पिल्लालाही जंत असू शकतात. पोट फुगलेले आणि अंग मात्र काटकुळे, हे त्याचे नेहमीचे चित्र. जंतनाशक औषध साधारणपणे तिसऱ्या आठवड्यापासून, दर दोन आठवड्यांनी, वजनानुसार दिले जाते.

पिसवांसाठी कुत्र्यांचे औषध मांजरास कदापि लावू नये. त्यातील पर्मेथ्रिन कुत्र्याला सोसते. मांजराला मात्र त्याने थरथर व झटके येतात आणि मृत्यूही ओढवू शकतो. अगदी लहान पिल्लाच्या पिसवा बारीक दातांच्या फणीने काढणे सुरक्षित असते. केस गळून गोल चट्टे पडत असल्यास गजकर्णाची शक्यता लक्षात घ्यावी लागते. हा बुरशीजन्य आजार घरातील माणसांना, विशेषतः मुलांना, सहज लागतो.

आहार

मांजर आणि दूध ही जोडी मराठी म्हणींत पक्की बसलेली असली, तरी आईचे दूध सुटल्यानंतर बहुतेक मांजरांची दुग्धशर्करा पचवण्याची क्षमता कमी होते. गाईम्हशीच्या दुधाने अनेक पिल्लांना जुलाब होतात. दूध-पोळी किंवा दूध-भात यांवर वाढवलेल्या पिल्लाला पुरेशी प्रथिने मिळत नाहीत व त्याहून गंभीर उणीव टॉरिनची होते. हे द्रव्य मांजराच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. ते मांस व मासे यांतूनच मिळते. त्याच्या दीर्घकाळच्या अभावाने दृष्टिपटल खराब होऊन अंधत्व येते. टॉरिनची कमतरता आणि हृदयाचा स्नायू कमकुवत होणे यांचा संबंध १९८७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकातील शोधनिबंधाने दाखवून दिला. त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यातील टॉरिनचे प्रमाण वाढवण्यात आले. शाकाहारी घरात मांजर पाळायचे असल्यास हा प्रश्न पिल्लू आणण्यापूर्वीच सोडवलेला बरा.

जन्मतः पिल्लाचे वजन सुमारे १०० ग्रॅम असते व ते रोज थोडे वाढले पाहिजे. स्वयंपाकघरातील साधा वजनकाटा येथे पुरेसा उपयोगी पडतो. वजन थांबणे हे आजाराचे फार आधी दिसणारे लक्षण आहे.

घरातील धोके

काही पदार्थ निष्क्रिय करून शरीराबाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची क्षमता अत्यल्प असते. त्यामुळे पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील जीवघेणी ठरू शकते. फिनॉलयुक्त फिनाईलने पुसलेल्या ओल्या फरशीवरून चाललेले पिल्लू पंजे चाटते आणि विष पोटात जाते. लिलियम व हेमेरोकॅलिस या प्रजातींतील लिलीची पाने, फुले, पराग किंवा फुलदाणीतील पाणी यांमुळे मूत्रपिंडे निकामी होतात. भेटीदाखल येणाऱ्या पुष्पगुच्छांत ही फुले सर्रास असतात. दोरा, लोकर, राखीचे रेशीम किंवा पतंगाचा मांजा गिळल्यास आतडे चुण्या पडून कापले जाऊ शकते. तोंडातून वा गुदद्वारातून लोंबणारा दोरा ओढू नये, पशुवैद्यकाकडे न्यावे.

उंचावरून पडणे हा शहरी घरांतील मोठा अपघात होय. झाग्रेब येथील ११९ मांजरांच्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत जवळपास ६० टक्के मांजरे एक वर्षाखालील होती आणि पडण्याची सरासरी उंची चार मजले होती. उपचारांसाठी आणलेल्यांपैकी ९६ टक्क्यांहून अधिक वाचली. या आकड्यावर विसंबून राहणे मात्र बरोबर नाही, कारण जागीच मेलेली मांजरे रुग्णालयापर्यंत आणली जात नाहीत. मुंबई-पुण्याच्या इमारतींतील खिडक्यांच्या लोखंडी जाळ्यांच्या गजांमधून पिल्लू सहज निसटते. कबुतरांसाठी लावतात तशी बारीक जाळी, कडा घट्ट बांधून, पिल्लू घरी येण्यापूर्वीच बसवणे उचित असते.

निर्बीजीकरण

मादी चार-पाच महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते. अशा वेळी दार किंचित उघडे राहिले तरी ती पळ काढते. नरही याच कारणाने घर सोडतात. पाच महिन्यांच्या सुमारास केलेल्या शस्त्रक्रियेने हे टळते. मादीमधील स्तनांच्या कर्करोगाची शक्यताही त्यामुळे बरीच घटते. नंतर भूक वाढून वजन चढते, म्हणून खाद्याचे प्रमाण बेताचे ठेवावे लागते.

तातडीची लक्षणे

मांजर आजार लपवते. चोवीस तास न खाणे, वारंवार उलट्या, रक्ती जुलाब, तोंड उघडून श्वास घेणे, अंग गार पडणे यांपैकी काहीही दिसल्यास पिल्लाच्या बाबतीत दुसऱ्या दिवसाची वाट पाहता येत नाही. नर मांजर वाळूच्या ट्रेमध्ये वारंवार बसूनही लघवी होत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. बद्धकोष्ठता समजून त्याकडे दुर्लक्ष होते आणि एक-दोन दिवसांत मृत्यू ओढवू शकतो. ट्रे रोज साफ केल्याने असा बदल लवकर ध्यानात येतो. मांजराच्या विष्ठेतील टॉक्सोप्लाझ्माची अंडी संसर्गक्षम होण्यास किमान एक दिवस लागत असल्याने, घरात गर्भवती असल्यास ही साफसफाई दररोज आणि घरातील अन्य व्यक्तीने करावी.