पंधरा अश्वशक्तींची किंमत

१९६५ सालची शेवरोले कॉर्व्हेट घेणाऱ्याला ३२७ घन इंचांच्या, म्हणजे सुमारे ५.४ लिटरच्या व्ही-एट इंजिनातही निवड करावी लागे. एल-७६ हे इंजिन ३६५ अश्वशक्तीचं, तर त्याच वर्षी आलेलं एल-७९ हे ३५० चं. दोन्हींचं कॉम्प्रेशन ११ ला १ आणि दोन्हींवर होलीचा कार्ब्युरेटर. खरा फरक ब्लॉकच्या पोटात फिरणाऱ्या कॅमशाफ्टमध्ये आणि त्याच्या टॅपेटमध्ये होता. एल-७६ चा कॅम शर्यतीच्या घराण्यातला, एल-७९ चा रस्त्यासाठी घासलेला. पंधरा अश्वशक्ती सोडल्या की गाडी सिग्नलला शांत उभी राहायची, एसी बसवता यायचा आणि टॅपेटचं क्लिअरन्स लावायला दर थोड्या दिवसांनी झाकण उघडावं लागत नसे. हा सौदा फायद्याचा होता असं मला मनापासून वाटतं. रस्त्यावरच्या गाडीला जोरकस कॅम निवडण्याची सगळी विद्या त्यात सामावलेली आहे.

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. इंजिन ८०० आरपीएमवर स्लो चालत असेल, तर कॅम मिनिटाला ४०० वेळा फिरतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह तितक्याच वेळा उघडतो. कॅमवरचा अंडाकृती उंचवटा, म्हणजे लोब, टॅपेटला वर ढकलतो. व्हॉल्व्ह किती उघडला ती लिफ्ट, आणि क्रँकच्या किती अंशांपर्यंत उघडा राहिला ते ड्युरेशन. इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबांच्या शिखरांमध्ये किती अंतर आहे, ते लोब सेपरेशन अँगल सांगतो. ड्युरेशन मोजायची रूढ खूण म्हणजे टॅपेट ०.०५० इंच, अर्थात १.२७ मिलिमीटर उचलला गेल्यापासून पुन्हा तितकाच खाली येईपर्यंतचे अंश. ही खूण न सांगता छापलेला आकडा दुसऱ्या कंपनीच्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो.

कॅम मोठा झाला की इंजिन स्लोला का थरथरतं, याचं उत्तर ओव्हरलॅपमध्ये आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटण्याआधीच इनटेक उघडू लागतो आणि काही अंश दोन्ही उघडे राहतात. वरच्या आरपीएमला हे उपयोगाचं. बाहेर धावणारा धूर आपल्यामागे ताजी हवा ओढून घेतो आणि सिलिंडर नीट भरतो. स्लोला मात्र थ्रॉटल जवळजवळ बंद असतो. मॅनिफोल्डमधला दाब वातावरणाच्या एक तृतीयांशाच्या आसपास आणि एक्झॉस्टमधला जवळपास पूर्ण. साहजिकच जळका धूर उलट इनटेककडे घुसतो. पुढच्या स्ट्रोकला सिलिंडरमध्ये ताज्या मिश्रणात तोच धूर मिसळलेला येतो. ज्वाला मंद पसरते, एखादा स्ट्रोक नीट जळतो, एखादा अर्धवट, आणि गाडी मिसिंग करू लागते. शिवाय इनटेक उशिरा मिटल्याने, वर येणारा पिस्टन आत आलेली हवा पुन्हा मागे ढकलतो आणि कमी वेगातला पिकअप पडतो.

याचा परिणाम ब्रेकपर्यंत पोहोचतो. धडधाकट इंजिनात स्लोला पाऱ्याचं १८ ते २० इंच व्हॅक्यूम मिळतं आणि पॉवर ब्रेकचा बूस्टर त्याच ओढीवर काम करतो. व्हॅक्यूम १०-१२ इंचांवर आलं की पेडल दगडासारखं कडक होतं. म्हणून स्लो सुरळीत असणं ही नुसत्या कानाच्या सुखाची बाब नाही, ती सुरक्षिततेचीही आहे.

शेवरोलेच्या या लहान व्ही-एटच्या कॅमचा इतिहास झोरा आर्कस-डुंटॉव्ह या अभियंत्याशी बांधलेला आहे. १९५६ च्या जानेवारीत त्याने डेटोनाच्या वाळूवर कॉर्व्हेट ताशी १५० मैलांवर नेली, ती आपल्याच नव्या कॅमच्या जोरावर. पुढच्याच वर्षी तो कॅम आणि फ्युएल इंजेक्शन मिळून २८३ घन इंचांतून २८३ अश्वशक्ती निघाल्या. १९६४ मध्ये आलेला ‘थर्टी-थर्टी’ हा थोरला भाऊ. दोन्ही व्हॉल्व्हना ०.०३० इंच क्लिअरन्स लागतं, म्हणून हे नाव. हाच एल-७६ चा कॅम. त्याच काळात कॅलिफोर्नियात एड इस्केंदेरियनसारखे कारागीर हॉट रॉडवाल्यांना कॅम घासून देत होते. गिऱ्हाईक ‘थ्री-क्वार्टर रेस’ मागायचं की ‘फुल रेस’, त्यावरून त्याचा मनसुबा कळायचा.

आता आकडे शेजारी ठेवून पाहू. ०.०५० इंचावर मोजलेलं थर्टी-थर्टीचं ड्युरेशन २५४ अंश, एल-७९ चं २२२. एल-७९ चा लोब सेपरेशन ११४ अंशांचा, लिफ्ट ०.४४७ इंच. हिशेब केला तर या खुणेवर एल-७९ चा ओव्हरलॅप उणे सहा अंश येतो. म्हणजे इनटेकचा टॅपेट तेवढा उचलला जाईपर्यंत एक्झॉस्टचा त्याखाली आलेला असतो आणि दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे राहतात ते केवळ किलकिले. थर्टी-थर्टीत हाच ओव्हरलॅप पंचवीस-तीस अंश भरतो. एल-७९ चा हा कॅम आजही नव्याने घासून विकला जातो, यात मला नवल वाटत नाही.

पुढची मोठी झेप रोलर टॅपेटची. सपाट टॅपेटला लोबची चढण फार तीव्र चालत नाही, कडा घासली जाते. रोलर ती चढण सहज पेलतो, त्यामुळे व्हॉल्व्ह झटकन उघडून झटकन मिटवता येतो. २००२ च्या कॉर्व्हेट झेड-झिरो-सिक्समधल्या एलएस-६ इंजिनाच्या कॅमचं ड्युरेशन इनटेकला २०४ अंश, एक्झॉस्टला २१८, सेपरेशन ११७.५ आणि इनटेकची लिफ्ट ०.५५१ इंच, म्हणजे १४ मिलिमीटर. एल-७९ पेक्षा इनटेकचा वेळ १८ अंशांनी कमी, उचल अडीच मिलिमीटरने जास्त. या ५.७ लिटरच्या इंजिनातून ४०५ अश्वशक्ती मिळाल्या, त्याही नव्या काटेकोर मोजणीने. चांगल्या हेडची त्याला साथ होती हे खरं. पण ताकदीसाठी व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवण्याआधी तो जास्त उघडावा, हा धडा कोणत्याही गाडीला लागू पडतो. त्याची किंमत म्हणजे कडक स्प्रिंगा.

होंडाने हा पेच वेगळ्या वाटेने सोडवला. १९८९ च्या इंटेग्रातल्या व्हीटेक इंजिनात एकाच शाफ्टवर दोन स्वभावांचे लोब होते. खालच्या आरपीएमला सौम्य लोब काम करायचे, वर गेलं की ऑइलच्या दाबाने पिन सरकून रॉकर एकमेकांना जोडले जायचे आणि मोठा लोब सूत्रं घ्यायचा. १.६ लिटरमधून १६० अश्वशक्ती, आणि स्लो शांत. पुढे आपल्याकडे होंडा सिटी व्हीटेकने या तंत्राची ओळख घरोघरी करून दिली.

कॅमशाफ्ट ही वस्तू आपल्याला परकी नाही. सोलापूरच्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सने १९९२ पासून हाच धंदा वाढवला आणि जनरल मोटर्स, फोर्ड, मारुती अशा कंपन्यांना माल दिला. ओतीव कॅम करताना वाळूच्या साच्यात लोबच्या जागी धातूचे तुकडे, म्हणजे चिल, बसवतात. तिथे लोखंड झपाट्याने गार होऊन पृष्ठभाग कठीण पांढरा बनतो, आणि शाफ्टचा गाभा तुलनेने मऊ राहून झटके सोसतो. अशी कारागिरी असलेल्या शहराचं नाव चादरींच्या बरोबरीने यासाठीही घेतलं गेलं पाहिजे.

निवड करताना कॅटलॉग शेवटी उघडावा. आधी गाडीचं वजन, डिफरन्शियलचा रेशो, कॉम्प्रेशन, एक्झॉस्ट आणि गाडी रोज कोणत्या आरपीएमला चालते ते कागदावर लिहावं. कॉम्प्रेशन कमी आणि ड्युरेशन मोठं अशी जोडी कधी जमवू नये. ऑटोमॅटिक गाडीत कन्व्हर्टरचा स्टॉल स्पीड पाहावा. सेपरेशन ११२ ते ११४ च्या पुढे ठेवलं की स्लो सांभाळली जाते. धुराचे नियमही पाळावेत, कारण ओव्हरलॅपमधून न जळलेलं पेट्रोल थेट बाहेर जातं. बसवताना पिस्टनच्या डोक्यावर मऊ क्ले थापावी, हेड बसवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवावं, मग हेड उघडून ठसा कापून जाडी मोजावी. इनटेकला दोन आणि एक्झॉस्टला अडीच मिलिमीटर मोकळी जागा असली की निर्धास्त व्हावं. टायमिंगच्या खुणांवर विसंबू नये, डिग्री व्हील आणि डायल गेज लावून कॅम तपासावा.

आणि दोन कॅममध्ये मन अडलं, तर लहान घ्यावा. कॅम घासणारे जाणते लोक हेच सांगत आले आहेत, कारण त्यांनी हौसेने नेलेले आणि महिन्याभरात परत आलेले मोठे कॅम पाहिलेले असतात. सहा हजार आरपीएमची मजा काही सेकंदांची असते. सिग्नल, घाट, गर्दी आणि रोजची ये-जा यांतच गाडीचं आयुष्य जातं, आणि जो कॅम तिथे हात देतो तोच त्या गाडीचा खरा परफॉर्मन्स कॅम.