रूपबंधाचे स्थलांतर: नेपल्स आणि लखनौ

पेर्गोलेसीची विनोदी संगीतिका ‘ला सेर्वा पाद्रोना’ १७३३ मध्ये नेपल्स येथे गंभीर संगीतिकेच्या अंकांमध्ये सादर झाली. १७५२ मधील तिच्या पॅरिस-प्रयोगांनी वाद पेटला. फ्रेंच भाषा गेय नाही, असे १७५३ मध्ये प्रतिपादणाऱ्या रूसोनेच वर्षभर आधी इटालियन धर्तीवर फ्रेंच संगीतिका रचली होती.

लखनौच्या अमानतकृत ‘इंदरसभा’चा प्रवास याला समांतर आहे. चिनहटच्या लढाईपूर्वी (१८५७) रचलेले हे उर्दू संगीतनाट्य पारशी मंडळ्यांनी पश्चिम भारतात रुजवले. त्याच्या पुण्यातील प्रयोगातून अण्णासाहेब किर्लोस्करांना स्फूर्ती मिळाली, असे मानले जाते. १८८० च्या ‘संगीत शाकुंतल’साठी त्यांनी कथा मात्र कालिदासाची घेतली, पदांना साकी, दिंडी, कीर्तनाच्या चाली दिल्या.

तेव्हा प्रभावाचा शोध घेताना स्वीकारणाऱ्या भाषेने काय नाकारले, हेही तपासावे लागते.